दोन लेकरांची बाबागाडी

थोरल्याचे दुसरे वर्ष सरते न सरते तोच धाकट्याचे आगमन झाले, म्हणजे पाळणा, दुपटी, टोपरी, झबली हा सारा सरंजाम माळ्यावरून खाली उतरतो आणि फारशा खर्चावाचून पुन्हा कामास रुजू होतो. परंतु पहिल्या अपत्याच्या वेळी पुरेशी असलेली आणि दुसऱ्याच्या वेळी हमखास अपुरी पडणारी एक वस्तू घरात असते, ती म्हणजे बाबागाडी. दोन वर्षांचे मूल चालते हे खरे, पण ते आपल्या मर्जीने चालते. नाक्यापर्यंत धावत जाते आणि नाक्यावर दोन्ही हात वर करून उभे राहते. आईच्या हातात तान्हे असताना त्या वर केलेल्या हातांची काय तजवीज करावी, हा प्रश्न ज्या घरात उत्पन्न होतो, त्या घरात दुहेरी बाबागाडीचा विषय निघतो. आमच्या घरी तो गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस निघाला. त्या निमित्ताने जी मसलत झाली व जी माहिती हाती आली, ती अशाच स्थितीत असलेल्या कुटुंबांच्या उपयोगी पडावी, या हेतूने येथे मांडीत आहे.

‘आमच्या वेळी बाबागाडीवाचून कोणाचे अडले होते?’ असा आक्षेप वडीलधाऱ्यांकडून हटकून येतो, आणि त्याचे उत्तर आदरपूर्वक दिले पाहिजे. मुंबईतल्या शिवडी-नायगावच्या बीडीडी चाळींत सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राहत असे हे आपण सांगतो, पण त्या खोलीबाहेर सामाईक वावराची जागा होती आणि तिथे दिवसभर कोणी ना कोणी बसलेले असे, हे सांगावयास विसरतो. आईला दळण आणावयाचे असो, दवाखान्यात जावयाचे असो की रेशनच्या रांगेत उभे राहावयाचे असो, ‘ठेव गं त्याला इथंच, खेळेल’ असे म्हणणारी शेजारीण दाराशी हजर असे. त्यामुळे दोन मुले घेऊन घराबाहेर पडण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचितच येई. आज त्याच वस्तीत, त्याच माणसांची नातवंडे स्वतंत्र, दारे बंद असलेल्या सदनिकांत वाढत आहेत. तेव्हा चाळीतल्या पाच-सहा बायकांचे हात जे करीत, ते आता एका आईला एकटीने करावे लागते, आणि तिने गाडी मागितली तर ती चैन म्हणून नामंजूर करण्याचा अधिकार कोणास नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वाहनाचा पूर्वेतिहास मात्र खरोखरच चैनीचा आहे. विलियम केंट या इंग्लिश वास्तुशिल्पकाराने १७३३ साली एका ड्यूकच्या मुलांसाठी केलेली गाडी बकरा किंवा तट्टू ओढील अशा बेताची होती, आणि पुढे शतक-दीडशतक बाबागाडी ही दाई ठेवण्याची ऐपत असलेल्या घरांचीच मालमत्ता राहिली. सामान्य आईच्या हाती ती खऱ्या अर्थाने आली १९६५ नंतर. ओवेन मॅक्लारेन नावाच्या अभियंत्याने, ज्याने स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केले होते, विमानासाठी वापरावयाचे हलके ॲल्युमिनियम घेऊन छत्रीसारखी मिटणारी आणि जेमतेम पावणेतीन किलो वजनाची गाडी सिद्ध केली. मूल एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने मिटता येणारी आणि जिन्यावरून खांद्याला लावून नेता येणारी गाडी ही त्या माणसाची देणगी होय, आणि आज दुकानात ज्या दुहेरी गाड्या मांडलेल्या दिसतात त्यांची परीक्षा घेतानाही हीच कसोटी प्रथम लावावी, कारण बहुसंख्य दुहेरी गाड्या दहा ते पंधरा किलो वजनाच्या असतात आणि हा आकडा दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

दुहेरी गाडीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दोन आसने शेजारी-शेजारी असतात. ही गाडी वळवावयास सोपी, तोल सांभाळणारी आणि मुलांना एकमेकांचा सहवास देणारी. परंतु तिची रुंदी पाऊण मीटर किंवा त्याहूनही थोडी अधिक भरते. दुसऱ्यात आसने एकामागे एक असतात. तिची रुंदी एकेरी गाडीइतकीच, पण लांबी वाढते, वळताना ती जड जाते, आणि मागच्या आसनावरील मुलाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. याखेरीज एक तिसरी सोय आहे, जिला गाडी म्हणता येणार नाही: एकेरी गाडीच्या मागे दोन चाकांची एक लहानशी फळी जोडतात, तिच्यावर थोरले मूल दांड्याला धरून उभे राहते. ही सोय स्वस्त व सुटसुटीत आहे, पण अडीच-तीन वर्षांच्या आतील मुलाकडून इतक्या स्थैर्याची अपेक्षा करता येत नाही, आणि दुपारच्या झोपेची वेळ झाली की ती फळी निरुपयोगी होते.

माझ्या मुलाचा ओढा पहिल्या प्रकाराकडे होता. ‘बाबा, शेजारी-शेजारी बसली की भांडणार नाहीत,’ हे त्याचे म्हणणे मला पटले होते. सूनबाईंनी त्यावर काही वाद घातला नाही. शिवणाच्या डब्यातून टेप काढली, ‘बाबा, जरा हे टोक धरता का?’ असे म्हणून लिफ्टचे जाळीचे दार पूर्ण उघडले आणि मोकळी जागा मोजली. साडेसत्तावीस इंच, म्हणजे सत्तर सेंटिमीटर. दुकानात पसंत पडलेल्या गाडीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडांपासून एकतीस इंच होती. मग त्यांनी लिफ्टची खोली मोजली, इमारतीच्या दिंडीदरवाजाची झाप मोजली, आणि मिटलेली गाडी जिथे उभी करावयाची त्या चपलांच्या कपाटामागच्या कोपऱ्याचेही माप घेतले. ही सर्व मापे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी घेऊनच मंडळी पुन्हा दुकानात गेली. गाडी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक घराने हा शिरस्ता पाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गाडीच्या छापील रुंदीवर विसंबू नये, कारण ती कित्येकदा आसनाची असते, चाकांची नसते.

घराचे दार ओलांडले की वाटेचा प्रश्न येतो, आणि तो आमच्या कॉटन ग्रीनमध्ये इतर ठिकाणांपेक्षा बिकट आहे. ही वस्ती माणसांच्या फेरफटक्यासाठी वसविलेली नाही. मुंबईचा कापसाचा बाजार १८४४ साली कोटातून कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भराव टाकून निर्माण केलेल्या या भूमीवर आला. त्यामुळे ३९२ पौंडांची एकेक गासडी वाहणाऱ्या गाड्या, गोदामे आणि मालगाडीचे रूळ यांच्या सोयीने येथील रस्ते आखले गेले. बाजार ओसरला, गासड्या गेल्या, पण अवजड मालमोटारींची रहदारी राहिली आणि त्यांच्या कडेने उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यावरून आज बाळंतीण बाई आपली मुले घेऊन परळच्या वाडिया रुग्णालयाकडे निघते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी चुकवून चालत नाही, त्यामुळे ही वाट तिला टाळता येत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट असावी आणि पदपथाची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरहून उंच नसावी, असे स्वच्छ लिहिले आहे. प्रत्यक्षात काळाचौकीच्या नाक्यावर काय घडते ते मी रोज पाहतो. एकामागे एक आसनांची गाडी कडेवर चढवावयाची म्हणजे दांडा खाली दाबून पुढची चाके उचलावी लागतात. पुढे बारा किलोचे थोरले, मागे पाच-सहा किलोचे धाकटे आणि स्वतः गाडी बारा किलोची, असा तीस किलोंचा भार दोन मनगटांवर येतो. थोरल्याचे पाय आधी आभाळाकडे जातात, तो हसतो. मग पुढची चाके वर टेकतात, आणि मागची चाके चढविण्यासाठी कंबरेचा रेटा द्यावा लागतो. बाळंतपणास दोन महिनेही न झालेल्या बाईने हा रेटा देऊ नये, हे सांगावयास वैद्याची गरज नाही. बरे, एवढे करून वर चढावे तर पुढे दुचाक्या अडविण्यासाठी रोवलेले पोलादी खुंट उभे. हे खुंट चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यांचीही वाट अडवितात, या एका नागरिकाच्या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून दखल घेऊन याचिका दाखल करून घेतली, तेव्हा अनेक तरुण आयांना हा आपलाच कज्जा चालला आहे असे वाटले असेल. चाकाची खुर्ची जिथून जाईल तिथून बाबागाडीही जाते.

आता तान्ह्याच्या अंगाने विचार करू. जन्मल्यापासून मान धरेपर्यंत आणि त्यानंतर आधारावाचून बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, मुलाला गाडीतून आडवेच न्यावे लागते. अर्धवट बसविलेल्या स्थितीत त्याची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट आवळली जाते. म्हणून दुहेरी गाडीत निदान एक आसन पूर्ण सपाट झाले पाहिजे, आणि कोणते होते ते आपल्या हाताने पाडून पाहिले पाहिजे. या सहा महिन्यांचा संबंध एका कायद्याशीही पोहोचतो. प्रसूती लाभाचा कायदा देशात पहिल्याने मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला, हे या गिरणगावाचे भूषण होय. आणि २०१७ च्या दुरुस्तीने दुसऱ्या अपत्यासाठीही २६ आठवड्यांची भरपगारी रजा ठरली. परंतु त्यांतील काही आठवडे प्रसूतीपूर्वीच खर्ची पडतात, आणि नोकरी करणारी आई कामावर परतते तेव्हा मूल कित्येकदा अजून बसूही लागलेले नसते. त्या दिवसापासून गाडीचा दांडा येतो आजीच्या किंवा आजोबांच्या हाती. सबब गाडी निवडताना तरुण बापाने दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ती ढकलून दाखवावी, यात काही सिद्ध होत नाही; ज्या साठीच्या बाईचा खांदा आखडतो तिने, आसनांत तांदळाच्या पिशव्या ठेवून, ती उंबरठ्यावरून चढवून पाहावी. दुकानदाराने हरकत घेतल्यास दुसरे दुकान गाठावे.

पट्टे पाच टोकांचे असावेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. बाजाराच्या पिशव्या दांड्याला अडकवू नयेत. लालबागच्या बाजारातून परतताना कांद्या-बटाट्यांचे वजन दांड्यावर, आणि थोरले अचानक खाली उतरले, की हलकी गाडी तान्ह्यासकट मागे उलथते. उन्हासाठी वरून ओढणी किंवा दुपटे पसरून गाडी झाकण्याची जी रीत आहे ती सोडावी, कारण आत हवा कोंडून उष्मा झपाट्याने वाढतो. घडीच्या सांध्यांपासून मुलांची बोटे दूर ठेवावीत. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेनच्याच सुमारे १० लाख गाड्यांच्या सांध्यांवर आवरणे चढविण्याची पाळी आली, ती लहान मुलांच्या बोटांची टोके त्यांत तुटल्यामुळे. म्हणजे सर्वांत नामांकित कारखान्याची घडीदेखील डोळे मिटून उघडू नये.

अखेर आमच्या घरी कोणती गाडी आली, हेही सांगतो. एकामागे एक आसनांची, बावीस इंच रुंदीची, जिचे मागचे आसन पूर्ण सपाट होते आणि पुढचे काढून ठेवता येते. थोरला अडीच-तीन वर्षांचा झाला की पुढचे आसन काढावयाचे आणि मागे उभे राहण्याची फळी लावावयाची, असा बेत आहे. ज्यांचे थोरले मूल आजच तीन वर्षांचे आहे त्यांनी दुहेरी गाडीत पैसा घालू नये. सपाट होणारी चांगली एकेरी गाडी आणि फळी एवढे त्यांना पुरे. लोकलसाठी मात्र कोणतीही दुहेरी गाडी योग्य नाही. स्थानकाचे जिने आणि डब्याच्या दारातील गर्दी लक्षात घेता, हार्बरच्या गाडीने जावयाचे तर तान्हे कापडी झोळीने छातीशी बांधावे, थोरल्याचे बोट धरावे आणि सोबत आणखी एक मोठे माणूस घ्यावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि ती आपल्याच हाती आहे. या भागातील बहुतेक जुन्या इमारतींच्या दाराशी तीन-चार पायऱ्या आहेत, आणि गाडी दररोज प्रथम तिथेच अडते. उतार एकास बारा या प्रमाणात असावा लागतो. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना सुमारे साडेपाच मीटर लांबीचा उतार पुरतो, आणि तेवढी जागा पुष्कळ आवारांत निघते. त्यावरून बाबागाडी जाईल, तशीच गुडघ्यांनी अधू झालेल्या म्हाताऱ्यांची चाकाची खुर्चीही जाईल. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ज्या वाचकांच्या इमारतीला असा उतार नाही त्यांनी या वर्षीच्या सभेसाठी तशी लेखी दरखास्त आपल्या सचिवांकडे आजच द्यावी, आणि आमच्या शेजारच्या इमारतींतील कोणास मापे घेण्यासाठी टेपचे दुसरे टोक धरणारा माणूस हवा असेल, तर त्यांनी मला अवश्य बोलवावे.