भांड्यावर नाव कोणाचे?

चांदीचा भाव चढू लागला की आमच्या सावनेरच्या सराफ्यात जुन्या जिनसांची आवक वाढते. आजेसासूच्या रुखवतातले ताम्हन, पंचपात्री, नक्षीची गुलाबदाणी, जे काही फडताळात काळे पडून राहिले होते ते काट्यावर येते, टंच पाहिला जातो, घट वजा होते आणि सारे मुशीत एकजीव होऊन जाते. मोड घालणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही, कारण मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण ताम्हनापेक्षा केव्हाही मोठेच. माझा आक्षेप निराळा आहे. त्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव ठळक घातलेले असते, ज्याने ते घडविले त्याचे मात्र कोठेही नसते. म्हणून भांड्याबरोबर कारागीरही वितळून जातो.

हे सर्वत्र असेच घडते असे नाही; फ्रान्सचेच उदाहरण घ्या. वितळविण्यात फ्रेंच लोक आमच्या मागे नव्हते. चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी 1689 मध्ये वर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे सामान टाकसाळीत पाठविले, आणि राज्यक्रांतीच्या काळात उमरावांची व चर्चची चांदी त्याच वाटेने गेली. तरीही क्रांतीच्या आगेमागे, ग्रीक-रोमन शिल्पाच्या धाटणीवर घडलेल्या आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या रौप्यपात्रांपैकी जी वाचली, त्यांच्या कर्त्यांची नावे आज सांगता येतात, कारण जिनसावर कर्त्याने आपली मोहोर उठविणे हा तेथे कायदाच होता. अशा कर्त्यांपैकी बिएने हा मूळचा लाकूड व हस्तिदंताच्या पेट्या करणारा. कारागीरसंघांची मक्तेदारी 1791 मध्ये मोडली तेव्हा कोठे त्याला चांदीस हात लावण्याची मुभा मिळाली, आणि पुढे तो नेपोलियनचा सुवर्णकार झाला. त्याच्या दुकानाची निशाणी जांभळे माकड; भिंगाखाली पात्र धरले तर समभुज चौकटीत नावाच्या आद्याक्षराजवळ ते इवलेसे माकड अजून दिसते. त्याचा समकालीन ओदियो नक्षीचे भाग स्वतंत्र ओतून, डाग न देता, मागून मळसूत्राने आवळीत असे, म्हणजे एका भागाची झळाळी आणि दुसऱ्याचे मंद तेज परस्परांस बिघडवीत नसे.

अर्थात ती मोहोर पेढीच्या धन्याची होती, मुलामा देणाऱ्याची नव्हे. सोने पाऱ्यात कालवून भांड्यास फासावयाचे, विस्तवावर पारा उडवून द्यावयाचा, आणि ती वाफ छातीत घेता घेता हात कापू लागावयाचे, असे त्या कामकऱ्यांचे प्रारब्ध होते. रावरियो नावाच्या पॅरिसच्या कांस्यकाराने 1814 मध्ये मरताना, या विषापासून त्यांचा बचाव करणारी हिकमत शोधील त्यास 3000 फ्रँकचे पारितोषिक ठेवले, आणि रसायनशास्त्रज्ञ दार्से यांनी ते धूर ओढून घेणारी भट्टी योजून मिळविले. त्या सर्व वैभवात मला या मृत्युपत्राइतके दुसरे काहीच आदरणीय वाटत नाही.

आमच्याकडे काय झाले? डिसेंबर 1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निवर्तले, पुढल्याच वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, वाड्यावरचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले आणि जामदारखान्यातील जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. त्या लिलावाची हळहळ नागपूर प्रांताने पिढ्यानुपिढ्या केली, आणि ती योग्यच होती. परंतु ते जिन्नस घडविणाऱ्या सोनारांची साधी यादी करावी असे आम्हांस कधी वाटले नाही. आजचा हॉलमार्कही धातूच्या शुद्धतेची हमी देतो, हाताची ओळख देत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, जुने नक्षीकाम मुशीत टाकण्यापूर्वी सराफाने त्याची दोन छायाचित्रे काढावी, वजन, गाव आणि घरच्यांस आठवत असल्यास सोनाराचे नाव टिपून ठेवावे, आणि नागपुरात 1863 पासून उभे असलेले मध्यवर्ती संग्रहालय या नोंदींचे दप्तर सांभाळण्यास पुढे यावे. खर्च म्हणावा तर एका वहीचा. आणि नव्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालताना शेजारी घडविणाऱ्याचाही ठसा उठवावा. येत्या लग्नसराईत रुखवताची खरेदी करणाऱ्यांनी तो आग्रहाने मागून घ्यावा, कारण गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय पेढी तो आपण होऊन देणार नाही.