कोयता दोघांचा, उचल एकाची
दिवाळी सरली की बीडच्या धारूर तालुक्यातल्या बालाघाटच्या वाड्या-तांड्यांवरून बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो नवरा आणि हिशेबही होतो त्याच्याशीच. बाई उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, शिवाय पहाटे उठून भाकरी थापते. ‘घर एकच, मग पैसा कुणाच्याही हाती का असेना’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्याच्या हाती उचल, त्याच्याच हाती निर्णय. खाडा झाला की दंड, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते आणि ते शेवटी गर्भाशयावर बेततं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. या व्यवस्थेत नवराही पिचलेला आहे, हे खरं. पण त्याच्या पिचण्याचा भार तिनेच का वाहावा? उचलीच्या करारावर दोघांच्या सह्या हव्यात आणि निम्मी मजुरी थेट तिच्या खात्यात जमा व्हायला हवी. स्त्रीसन्मानाची भाषणं देणाऱ्या पुढाऱ्यांनी आधी एवढं करून दाखवावं.