दारावरचे ‘नाळे बा’



1990 च्या दशकात आपल्या कर्नाटकात गावोगावी एक अफवा पसरली होती. रात्री चेटकीण येते, ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडले की माणूस जातो, असे लोक सांगत. उपाय म्हणून दारावर कानडीत ‘नाळे बा’ लिहीत. म्हणजे ‘उद्या ये’. चेटकीण ते वाचून परत जाई, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाची. तो उद्या कधी उगवतच नसे.

आपण या गोष्टीला हसतो. पण आमचे म्हणणे असे, की तेच शब्द आपण आपल्या अंतःकरणाच्या दारावर लिहून ठेवले आहेत. आणि तिथे उभा राहून ठोठावणारा तर आपला प्रभू आहे (प्रकटीकरण 3:20).

जगातली माणसे ‘कंटाळा आला’ म्हणतात, निदान खरे बोलतात. आपण मात्र चालढकलीला भक्तीचा झगा घालतो. बांधावरून भावाशी अबोला आहे, समेट कधी? ‘प्रार्थनेत ठेवले आहे.’ उसने पैसे कधी फेडणार? ‘देव मार्ग काढील.’ दारू कधी सोडणार? ‘प्रभूची वेळ आली की सुटेल.’ देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा फक्त शपथेपुरतीच आहे काय?

कोणी म्हणेल, पवित्र शास्त्रच वाट पाहायला शिकवते. खरे आहे. पण वाट पाहणे आणि टाळणे यांतला फरक बीदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. मृगाचा पाऊस पडला म्हणून कोणी चिखलात तूर पेरत नाही. वापसा येईपर्यंत थांबतो. पण थांबतो तेव्हा बियाणे घरात असते, तिफण दुरुस्त असते, ट्रॅक्टर सांगून ठेवलेला असतो. आणि वापसा आला की घरी पाहुणा असला तरी तो शेत गाठतो, कारण ओल उडाली की काळी जमीन कुणाचे ऐकत नाही. ज्याने बियाणेच आणले नाही, त्याने ‘वापशाची वाट पाहतो’ म्हणू नये.

फारोचे पाहा. घरात, अंथरुणात, भट्टीत बेडूकच बेडूक. ते जावेत म्हणून प्रार्थना कधी करू, असे मोशेने विचारले, तर उत्तर काय? उद्या! (निर्गम 8:9-10). सुटका समोर असताना त्याने आणखी एक रात्र बेडकांबरोबर काढली. सुभेदार फेलिक्स पौलाचे बोलणे ऐकून घाबरला आणि सवडीने बोलावीन म्हणाला. पुढे पुष्कळदा बोलावलेही. पण दोन वर्षे सरली तरी पौल कैदेतच राहिला (प्रेषितांची कृत्ये 24:25-27).

आम्ही स्वतःही निर्दोष नाही. मंडळीतल्या एका आजारी आजोबांनी निरोप धाडला होता, ‘गुरुजी, येऊन जरा शुभवर्तमान वाचून दाखवा.’ घर दहा मिनिटांवर. ‘रविवारी उपासना झाली की जाऊ’ असे आम्ही तीन रविवार म्हटले. चौथ्या आठवड्यात त्यांच्या मातीला गेलो. जे वचन त्यांच्या उशाशी वाचायचे होते, ते कबरेपाशी वाचले. देवाने क्षमा केली असा आमचा विश्वास आहे. पण ती दहा मिनिटे परत आली नाहीत.

म्हणून या आठवड्यात एकच काम निवडा, जे आठवताच पोटात कालवते. कागदावर माणसाचे नाव, दिवस आणि वेळ लिहा. प्रार्थना जरूर करा, पण आमेन म्हणताच चपला घाला. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे प्रभूने सांगितले (मत्तय 5:23-24). पुढच्या नाताळापर्यंत थांबा असे नाही. चांगले काय ते कळत असून न करणे याला याकोब सरळ पाप म्हणतो (4:17). त्याला आपण गोड नाव देऊ नये.

हे प्रभू, आमच्या दारावरचे ‘उद्या’ तू आज पूस, आणि तुझी हाक येताच उठण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.