कांदा सोडला म्हणून पावडर घ्यायची?



सध्या आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जैन बायका कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून त्यांच्या पोटात प्रीबायोटिक जात नाही, म्हणून अंगात सूज आणि कमी प्रतिकारशक्ती. तर रोज चमचाभर फायबर पावडर घ्या, पंधरा दिवसांत फरक. वाचून मला रागच आला.

आधी डब्याची मागची बाजू वाचा. 'इन्युलिन' लिहिलेलं दिसेल. बाजारातलं बहुतेक इन्युलिन चिकोरीच्या मुळापासून काढतात. म्हणजे कांदा सोडल्याची भरपाई कंदमुळाने! हिरवा ठिपका फक्त 'प्राणिज नाही' एवढंच सांगतो. (कॉफीतली चिकोरीही तीच, भाजलेली.) हळद-सुंठ चालते की, असं कोणी म्हणेल. चालेल का ते महाराजसाहेबांना जरूर विचारा, पण विचारताना 'पावडर' म्हणू नका, 'मूळ' म्हणा.

प्रीबायोटिक म्हणजे आपल्याला न पचणारा, पण मोठ्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंना पोसणारा अंश. ते त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याच्या अस्तराला त्यातून ताकद मिळते, अस्तर घट्ट राहतं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी उगाच भडकत नाहीत. हे काम कांदाच करतो असं कुठे आहे? मूग, मटकी, चवळी, हरभरा यांतलं रॅफिनोज आणि स्टॅकिओज तेच करतं, कच्च्या केळ्यातला स्टार्चही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी सोडून आपण कडधान्यच तर शिजवतो!

बोल लावायचाच तर मैद्याला लावा. व्रत कडक आणि डब्यात खारी, बिस्किटं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतू आहेत, मैद्यात 3 पेक्षा कमी. नाचणीत 11, अख्ख्या हरभऱ्यात 25. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते. आपल्या मुळशीच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते, आणि आपण पौड-पिरंगुटला बसून डबा ऑनलाइन मागवायचा?

पंधरा दिवसांचं आश्वासनही पोकळच. 2021 मध्ये स्टॅनफर्डला 36 जणांवर प्रयोग झाला. त्यात 10 आठवडे तंतू वाढवलेल्या गटातही सगळ्यांची सूज उतरली नाही. ज्याच्या पोटात जसे जिवाणू, तसा परिणाम. तेव्हा सांधे सुजले असतील तर डॉक्टरांकडे जा, नाचणीवर भागवू नका.

आणि कडधान्य एकदम वाढवलं तर पोट फुगतं. रात्री गाळलेल्या पाण्यात भिजवा, ते पाणी टाकून द्या, सुरुवातीला अर्धी वाटीच घ्या. मोड येऊ द्यायचे नाहीत, हे तुम्हाला सांगायला नकोच.