मागच्या रांगेतली मुलं

गेल्या गणेशोत्सवात अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात आपण व्यसनांवर एका डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. पुढच्या रांगांत आई-बाबा, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ती मुलं मागे फोनमध्ये डोकं घालून. मग बटाटेवडे झाले आणि आपण कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी गेलो.

व्याख्यानांनी हे काम होत नाही. अमेरिकेने ते पैसे मोजून शिकून घेतलंय. 1983 मध्ये लॉस एंजेलिसात 'डेअर' सुरू झालं. पोलीस वर्गात येऊन मुलांना 'नाही' म्हणायला शिकवू लागले आणि ते देशभर पसरलं. पुढे पाहण्या झाल्या, तर मुलांच्या वागण्यात जवळजवळ फरकच नाही! उलट 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था एका मुलाला एक मोठं माणूस जोडून देते. 1995 च्या पाहणीत, अशी सोबत मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांना सुरुवात करण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी आढळलं. सोबत म्हणजे काय, तर बास्केटबॉल, पिझ्झा, गप्पा.

आपल्याकडे मुली नाच, लेझीम, ढोलपथकामुळे मंडळात टिकतात. मुलगे तेराव्या वर्षी मराठी शाळा सोडतात ते थेट लग्नाच्या आमंत्रणातच भेटतात. नेमक्या याच वर्षांत शाळेच्या बाथरूममध्ये व्हेप हातात येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्र एकाग्रतेसाठी 'ॲडरॉल' म्हणून गोळी देतो, ती बनावट असू शकते, तिच्यात फेंटानिल असू शकतं, आणि दोन मिलिग्रॅम फेंटानिलही जीव घेऊ शकतं. पुण्यात 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा गर्दच्या व्यसनात अडकलेल्या मुलाला परत आणायला बहुधा थोडा अवधी तरी असे. इथे पहिलीच गोळी शेवटची ठरू शकते.

'आमच्या घरात असलं काही नाही' हे मीही म्हणत असे. पण आपल्या मुलग्यांनाही असा एकेक मोठा माणूस, एकेक काका जोडून द्यायला हवा. आई-बाबा आहेतच की, मग परका काका कशाला? कारण आई-बाबांना सांगता येत नाही ते मामाला, वाड्यातल्या दादाला सांगता यायचं, आणि ते दोघे आपण विमानात बसताना मागे ठेवून आलो. मात्र हा काका बातमीदार नको. जिवावर बेतणारं असेल तेवढंच घरी सांगेन, हे त्याने मुलाला पहिल्याच दिवशी सांगावं. त्याची पार्श्वभूमी मंडळाने रीतसर तपासावी, भेटी चारचौघांत व्हाव्यात. आणि हो, तळघरातल्या बारवर बसून मुलालाच बर्फ आणायला पिटाळणारे काका यात नकोत. ते आपल्यात कमी नाहीत.

कार्यकारिणीला विनंती आहे : पुढच्या व्याख्यानाचे पैसे वाचवा. त्यातून फेंटानिलवर उतारा म्हणून नेलोक्सोनचे स्प्रे घेऊन सभागृहात ठेवा, 2023 पासून ते चिठ्ठीशिवाय मिळतात. आणि काकांची यादी करा. पहिलं नाव माझं लिहा. महिन्यातून दोन शनिवार मी माझ्या गराजचं दार उघडं टाकून जुन्या सायकली खोलून बसणार आहे. दोन मुलं यायला तयार आहेत. आणखी दहा काका हवेत.