मोठ्यांची राहून गेलेली लस
कावीळ म्हटलं की सोलापुरात बोट आधी पाण्याकडे जातं. पण हिपॅटायटीस बी हा काविळीचा प्रकार पाण्यातून येत नाही, तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. सरकारी लसीकरणात त्यावरची लस देशभर पोहोचली ती 2011-12च्या सुमारास, म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती बाळपणी मिळालेलीच नाही. ‘मोठेपणी लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव आपोआप बरे होतात, मग सुई कशाला?’ हा आक्षेप आकड्यापुरता खरा आहे. पण 2009 साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा टोचल्याने जी साथ आली, तिच्यात कितीतरी मोठी माणसं दगावली. आणि उरलेल्या पाचांच्या यकृतात विषाणू वर्षानुवर्षं मुकाट राहतो, पुढे सिरॉसिस किंवा कर्करोग. लस महाग म्हणावी, तर 1997 मध्ये हैदराबादेत देशी लस तयार झाली तेव्हापासून ती सामान्यांच्या आवाक्यात आली आहे. शिवाय सावध राहून टाळणं प्रत्येकाच्या हातात नसतं: कचऱ्यातली सुई सफाई कामगाराला सांगून टोचत नाही. महापालिकेने निदान एवढं करावं, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक सफाई कामगाराचे तीनही डोस पूर्ण झालेत का ते तपासावं, आणि राहिले असतील तर द्यावेत.