‘जैन पिझ्झा’ आणि पिठाचा कोंबडा



परवा कारंज्यात एका वाढदिवसाला ‘जैन पिझ्झा’ होता. कांदा नाही, लसूण नाही. सगळ्या निर्धास्त खात होत्या. मी विचारलं, “बेस कशाने फुगवला?” उत्तर आलं, “यीस्टने. पण ती तर कोरडी पावडर, तिच्यात कुठला जीव?”

हे ‘पावडर’ म्हणणं आता थांबवायला हवं.

त्या पुडीत यीस्टच्या अब्जावधी पेशी असतात, वाळवून निजवलेल्या. कोमट पाण्यात साखर घालून भिजवा, थोड्या वेळात फेस येतो. साखर आल्याचं पेशीला कळतं, ती खायला लागते आणि खाता खाता कार्बन डायऑक्साइड सोडते. तोच हा फेस. याच जातीच्या यीस्टमध्ये ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन प्रकार असतात. अल्फा पेशी तेरा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी बाहेर सोडते. ती ‘ए’ पेशीच्या अंगावर ठरलेल्या जागी येऊन चिकटली की ‘ए’ पेशी आपलं विभाजन थांबवते आणि जिकडून संकेत जास्त येतो तिकडे वाढत जाते, मीलनासाठी. उपासमार झाली तर आपल्याच आतले घटक पचवून तग धरते. हे कसं घडतं ते यीस्टमध्ये शोधून काढणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

तिला नाक नाही, डोळे नाहीत. अंगाला लागलं तेवढंच कळतं. एकेंद्रियाला फक्त स्पर्श असतो, हे आपण पाठशाळेत शिकलो. म्हणून लगेच “विज्ञानाने आगम सिद्ध केला” असे फॉरवर्ड पाठवू नका. आपल्या श्रद्धेला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही. पण पाठशाळेत बसलेल्या बाईने याला पावडर तरी म्हणू नये!

दुसरं उत्तर ठरलेलं: “ओव्हनमध्ये मरतातच की!” अगं, आक्षेप तोच तर आहे. पाणी, भाजी, चूल यांत गृहस्थाकडून एकेंद्रियांची हिंसा पूर्ण टळत नाही, मान्य. म्हणूनच ती विनाकारण करू नये असं सांगितलंय. इथे आपण जीवांना जागं करतो, खाऊ घालतो आणि मग भट्टीत सारतो. कशासाठी, तर बेस मऊ व्हावा म्हणून.

आपल्याच कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली पुष्पदंतांचं ‘जसहरचरिउ’ छापलं गेलं. त्यातल्या यशोधर राजाने बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. त्यात जीव नव्हता, तरी भावहिंसेपायी त्याला पशुयोनीत जन्मावर जन्म घ्यावे लागले. आपल्या पिठात तर खरोखरचे जीव आहेत.

“मग इडली?” हो, रात्रभर आंबवलेल्या पिठालाही हाच न्याय. आमच्याकडेही वर्षानुवर्षं ते होत होतं. मी सोडलं, आणि सोपं गेलं नाही. सोड्यावर लिंबू पिळलं की तोच वायू निघतो, कुणाला न जागवता, न मारता. बेस जरा कडक होतो, इतकंच.

आणि हो, हे वाचून घरातल्या सुनेला टोमणे मारू नका. ज्याला यीस्टचा पिझ्झा खायचाय त्याने समजून-उमजून खावा. फक्त त्याला ‘जैन’ म्हणू नये.